‘नायट्रेट शून्य करून देतो काका’ : माझे ८,९५० रुपये गेले, तुमचे वाचवा

नाशकात कोणी घरी येऊन माशांच्या टाकीचं पाणी तपासून देतो म्हणाला, तर त्याच्या किटवर (पाण्यात थेंब टाकून रंगावरून आकडा सांगणाऱ्या चाचणी-संचावर) विश्वास ठेवू नका. किट स्वतःचं आणा, थेंब स्वतः टाका. मी टाकले नाहीत. हिशेब मांडतो: व्हिजिटचे ५००, ‘नायट्रेट रिमूव्हर’ची बाटली १,८५०, फिल्टरमध्ये टाकायचे सच्छिद्र खडे २,४०० आणि वर्षभराच्या देखभालीचे आगाऊ ४,२००. सगळे यूपीआयने. बिल म्हणे ‘उद्या पाठवतो काका’.

हसण्याआधी ऐका. मी काही नवशिका नाही. दीडशे लिटरची टाकी, त्यात गोल्डफिश. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट होतं आणि ते शेवटी मुख्यतः पाणी बदलूनच बाहेर काढावं लागतं, हे मला पाठ आहे. पण पाथर्डी फाट्याकडे आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं पाणी सोडतात. बादल्या उपसून कंबर मोडली तरी नायट्रेटचा आकडा फिरून ८० पीपीएमवरच (दहा लाख भाग पाण्यात ८० भाग). अशा वेळी ‘एका डोसात शून्य’ म्हणणारा देवासारखाच वाटतो.

आला. पहिली चाचणी कशी केली बघा. किटमधली दुसऱ्या नंबरची बाटली टेबलावर आपटली, अर्धा मिनिट जोरजोरात हलवली, नळी मिनिटभर हलवली, मग घड्याळ लावून पाच मिनिटं थांबला. रंग लालभडक, म्हणजे नायट्रेट भरपूर. ‘काका, मासे आठवडाभर पण नाही काढणार.’ मग टाकीत डोस टाकला, गप्पा मारल्या, चहा झाला आणि दुसरी चाचणी. या वेळी बाटली खिशातून काढली ती न हलवताच दहा थेंब टाकले, नळी जरा कलती केली आणि लगेच दाखवली. पिवळी, म्हणजे शून्य!

इथेच त्याचा हात धरायला हवा होता. त्या बाटलीतलं रसायन तळाशी बसतं. ती झडझडून हलवली नाही तर आकडा खोटा, कमी येतो. किटसोबतच्या कागदावर तसं छापलेलं असतं. पण त्याच वेळी तो माझ्या माशांचं कौतुक करत होता, हिने पोह्यांची बशी पुढे केली होती, आणि खरं सांगतो, मला तो पिवळा रंग हवाच होता. पाच मिनिटं का नाही थांबला, एवढा एक प्रश्न तोंडात आला नाही. अजून रात्री आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ, मासे वर येऊन तोंड उघडझाप करताहेत. बाटलीवर उत्पादकाचं नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही. फोन बंद. किट आणून मोजलं: टाकी ८०, आणि बोअरचं पाणीच ४०! पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा ४५ आहे. मग अर्धं पाणी बदललं तरी ६० च्या खाली जाणार कसं? हे त्याला पहिल्या मिनिटाला कळलं असणार. म्हणून आधी नळाचं पाणी मोजा, मग टाकीचं.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, ‘बाटली मिळाली ना? मग फसवणूक कसली?’ दुसऱ्याने विचारलं, ‘मासे मेले का?’ नाही म्हटलं तर त्याचा उत्साहच मावळला. म्हणजे मासे मरेपर्यंत थांबायचं होतं? सायबरवाले म्हणे, तुम्ही स्वतः पिन टाकलाय. ज्या कार्यालयात गेलो तिथे बिल मागितलं. अहो, बिल दिलं असतं तर तो भामटा कसला! ग्राहक आयोगात मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला फी नाही, पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो. बिलाशिवाय दमडी देऊ नका म्हणतो, ते याचसाठी.

आता आरओचं आणि बोअरचं पाणी निम्मं-निम्मं मिसळतो. नायट्रेट शोषायला मनी प्लांटची मुळं टाकीत सोडलीत, पानं बाहेर. खाणं कमी केलं. फिल्टरचा स्पंज टाकीच्याच काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली नको, नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू मरतात. फिल्टरमधल्या कार्बनने (कोळशाने) नायट्रेट जात नाही, कोणी विकू लागला तर दार लावा.

आणि हो, तो अजून फिरतोय. परवा नव्या नंबरवरून त्याची जाहिरात आली. ‘आधी आणि नंतर’ म्हणून दोन फोटो लावलेत. दोन्ही टाक्या माझ्याच.