बीटलमध्ये १६०० बसवून आठ महिने झाले

माझी बीटल १९६५ची. मूळ इंजिन ११९२ सीसी, ३४ पीएस, वायरिंग ६ व्होल्टची. तीन नंबरच्या सिलिंडरचा एक्झॉस्ट टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सतत टाइट व्हायचा. सेट करायचो, महिन्याभरात पुन्हा तेच. शेवटी त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशनच बसलं. तेच इंजिन पुन्हा बांधण्याऐवजी १५८४ सीसीचं, म्हणजे ज्याला '१६००' म्हणतात ते, ड्युअल पोर्ट (प्रत्येक हेडला हवा घेणारी दोन तोंडं असलेलं) इंजिन टाकलं. आठ महिन्यांत साधारण ९,००० किलोमीटर झाले.

सगळे आधी पिकअपचं विचारतात, तर ते उरकून घेतो. फरक जबरदस्त आहे. ३४ वरून ५० पीएस म्हणजे कागदावर फार नाही, पण एवढ्या हलक्या गाडीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला अंग लगेच मागे रेलतं. मात्र गिअरबॉक्स जुनाच ठेवलाय, त्याचं फायनल रेशो ४.३७५. त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरलाही इंजिन ओरडत असतं आणि आपण पाचवा शोधत राहतो, जो नाहीच.

बसवणं वाटलं होतं त्यापेक्षा सोपं. इंजिन गिअरबॉक्सला चार ठिकाणी पकडलेलं असतं. खाली जॅक नीट लावला तर अर्ध्या दिवसात जुनं खाली, नवं वर. वेळ खाल्ला फ्लायव्हीलने. ६ व्होल्टच्या फ्लायव्हीलला १०९ दाते, १२ व्होल्टच्या १३०, आणि व्यासही मोठा. त्यामुळे बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचं फ्लायव्हीलवर येणारं कवच) आतून घासावं लागतं. घासताना गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती चिंध्या कोंबा, कीस आत गेला तर काढताना जीव जातो. स्टार्टरचं बुशही वेगळ्या मापाचं लागतं. बल्ब, हॉर्न, कॉइल हे सगळं १२ व्होल्टचं करणं कंटाळवाणं काम आहे, एवढंच.

खरी परीक्षा त्यानंतर झाली.

इंजिन मोठं म्हणजे उष्णता जास्त, हे मलाही माहीत होतं. उष्णता नेते कोण, याचा मात्र विचार केला नव्हता. या गाडीत इंजिन मागे असतं आणि पाण्यानं नाही, हवेनं गार होतं. मागच्या झाकणाच्या फटींतून थंड हवा कप्प्यात येते. फॅन ती ओढून सिलिंडरांवर आणि हेडवर ढकलतो आणि तापलेली हवा खाली रस्त्यावर टाकतो. वरची थंड बाजू आणि खालची गरम बाजू यांच्यामध्ये फक्त पत्रा असतो आणि पत्र्याच्या कडेनं एक रबरी पट्टी. फॅन सतत ओढत असल्यामुळे वरच्या कप्प्यात दाब किंचित कमी असतो. कुठं फट राहिली की खालची गरम हवा तिथून वर चढते आणि फॅन तीच पुन्हा इंजिनवर मारतो. एकदा तापलेल्या हवेनं इंजिन गार करायचं, म्हणजे ओल्या टॉवेलनं अंग पुसण्यासारखं.

मी एक नाही, चार चुका केल्या होत्या. इंजिनसोबत क्रोमचं नवं फॅन हाउसिंग घेतलं, दिसायला एकदम झकास. आत हवा वाटणारी पाती नव्हती, थर्मोस्टॅटच्या झडपा (इंजिन तापेपर्यंत हवा अडवणाऱ्या) नव्हत्या. विकणाऱ्यानं सांगितलं, 'त्याची गरज नसते'. कडेची रबरी पट्टी कुजली होती, ती 'नंतर बघू' म्हणून राहिली. हीटर जोडायचा नव्हता, म्हणून हाउसिंगवरची हीटरच्या पाइपांची दोन तोंडं तशीच उघडी ठेवली, म्हणजे फॅननं दाबलेली हवा सिलिंडरांकडे न जाता सरळ कप्प्यात. आणि प्लगच्या वायरी जिथून पत्र्यात शिरतात तिथली रबरी टोपणं गायब.

दुसऱ्याच आठवड्यात एका लांब चढावर ऑइल १२६ अंशांवर गेलं. वर पोहोचून थांबलो तर आयडलिंगला ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकत होता. त्या दिवशी घरी येईपर्यंत कुणाशी बोललो नाही.

सल्ले भरपूर मिळाले. सर्वांत लोकप्रिय सल्ला म्हणजे मागचं झाकण पट्ट्या लावून थोडं उघडं ठेवा. दिसतंही रेसिंगसारखं. मी लावल्या. मग फॅनच्या तोंडाशी थर्मामीटरची वायर बांधली आणि बाहेरच्या हवेशी तुलना केली. झाकण बंद असताना फॅन बाहेरच्यापेक्षा १७ अंश जास्त गरम हवा ओढत होता. उघडं ठेवल्यावर १९. पट्ट्या काढून टाकल्या.

मग शाळकरी प्रयोग केला. लोकरीचे बोटभर तुकडे पत्र्याच्या कडेनं चिकटवले, इंजिन साधारण २,५०० आरपीएमला धरलं आणि टॉर्च घेऊन बघत बसलो. कडेचे जवळजवळ सगळे धागे वर उभे! खालून वर, अगदी मजेत फडफडत. गळती बघायला यापेक्षा स्वस्त यंत्र मला माहीत नाही.

दुरुस्तीला दोन सुट्या गेल्या. क्रोमचं हाउसिंग काढून एक जुनं, गंजकं, पण मूळ बनावटीचं डॉगहाउस हाउसिंग मिळवलं. जुन्या रचनेत ऑइल कूलर हाउसिंगच्या आतच, तीन नंबरच्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेत उभा असतो. म्हणजे त्या सिलिंडरला कमी आणि आधीच कोमट झालेली हवा मिळते. माझ्या जुन्या इंजिनाचा तीनचाच व्हॉल्व्ह का जळत होता, ते तेव्हा डोक्यात शिरलं. १९७१च्या मॉडेलपासून कूलर मागे वेगळ्या खोक्यात (तेच डॉगहाउस) नेला आणि त्याची गरम हवा नळीतून थेट खाली सोडली. त्या नळीसाठी गिअरबॉक्सच्या बाजूच्या पत्र्याला खाच लागते. १९६५च्या पत्र्याला ती नसते, मी कापून घेतली. सिलिंडरांच्या खाली हवा वळवणारे छोटे पत्रे असतात, तेही बसवले. हे सहसा हरवलेले असतात, कारण खालून कुणी बघत नाही. हीटरची तोंडं बंद केली, टोपणं घातली, नवी रबरी पट्टी सगळीकडून फिरवली.

नंतर फॅनच्या तोंडाशी फरक ४ अंश. त्याच चढावर, तेवढ्याच ऊन्हात, ऑइल १०५. वेगळा कूलर नाही, जादा फॅन नाही. हेडच्या फिन्समध्ये (गार होण्यासाठी असलेल्या पातळ कडांमध्ये) ओतकामाच्या वेळी राहिलेला धातूचा पापुद्रा मी जोडणीआधीच कानशीनं काढला होता, तोही मित्रानं डोकं खाल्लं म्हणून. हेड खाली असतानाच हे होतं, नंतर नाही.

थर्मोस्टॅटच्या झडपाही आता आहेत, आणि त्यांच्याबद्दल माझं मत पूर्ण बदललं. थर्मोस्टॅट म्हणजे गरम देशाला अनावश्यक लाड, असं मी समजायचो. पण सकाळी इंजिन लवकर तापतं, चोक लवकर सुटतो, आणि डिपस्टिकवर येणारी ती पांढरट साय (ऑइलमध्ये ओलावा मिसळून होणारी) आता दिसत नाही.

चालवण्याची सवयही बदलावी लागली. फॅन क्रँकवरून पट्ट्यानं फिरतो, म्हणजे आरपीएम कमी तर हवाही कमी. चढावर चौथ्या गिअरला इंजिन कण्हत ठेवणं सर्वांत वाईट. तिसरा टाका, आवाज सहन करा. याच कारणानं भेट मिळालेली छोटी 'पॉवर पुली' पुन्हा मित्राकडे गेली. ती फॅनच हळू फिरवते.

पाचव्या महिन्यात पट्टा तुटला. चार्जिंगचा लाल दिवा लागला की या गाडीत बॅटरीचा विचार नंतर करायचा, आधी बाजूला घ्यायचं, कारण तोच पट्टा फॅन फिरवतो. जादा पट्टा आणि २१चा पाना गाडीत असतो. वॉशर कमी-जास्त करून ताण बसवायला दहा मिनिटं लागली. अंगठ्यानं दाबल्यावर साधारण १५ मिलीमीटर दबला पाहिजे.

तक्रारी आहेत. अ‍ॅव्हरेज कमी झालं. पुशरॉड नळ्यांतून एका बाजूनं ऑइल ओघळतं, त्याची सवय झालीय. ब्रेक अजून चारही ड्रम, आणि या पिकअपला ते पुरे पडत नाहीत. इंजिनाआधी ते करायला हवे होते. पुढचे डिस्क आणलेत, बसायचे आहेत.

गेल्या रविवारी रात्रभर गार झालेल्या इंजिनावर टॅपेट बघितले. तीन नंबरचा एक्झॉस्ट मुद्दाम शेवटी ठेवला होता. ०.१५ मिलीमीटरचं फीलर गेज आधीच्यासारखंच किंचित घासत आत गेलं. स्क्रूला हात लावावा लागला नाही.