मोडी फेरफाराचं लिप्यंतर: वाचन पक्कं, पण 'अ. पा. क.' तपासून घ्या

सोलापुरातल्या एका मोडी वाचकाच्या कामाबद्दल. तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढलेले जुने फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदी) आणि गाव नमुना 14 (जन्म-मृत्यूच्या नोंदी) इथे देवनागरीत उतरवून मिळतात.

वाचन चोख आहे. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, अनुस्वार अनेकदा गाळलेला आणि शब्द तोडायची पद्धत नाही. तरी ओळीला ओळ उतरते आणि अडलेल्या अक्षरापुढे प्रश्नचिन्ह येतं. ठोकून दिलेलं नाव पूर्वजाच्या शोधात फार महाग पडतं, म्हणून याला पूर्ण गुण. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, ही नातीही बरोबर लागतात.

घोळ होतो 'अ. पा. क.'पाशी. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीनाचा पालक. 'रामा बिन गोविंदा, अ. पा. क. आई गंगू' अशी नोंद असेल तर खातेदार रामा, गंगू फक्त पालक. इथे दोघं खातेदार म्हणून उतरतात आणि नेमका ऐवज हातचा जातो. रामा त्या साली अज्ञान, म्हणजे जन्म मागच्या 18 वर्षांतला. आई पालक, म्हणजे गोविंदा बहुधा वारलेला. नमुना 14 ची कोणती वर्षं चाळायची हे यावरूनच ठरतं.

दुसरी खोट म्हणजे तपासणी अधिकाऱ्याच्या शेऱ्याचा शेवटचा रकाना मागितल्याशिवाय उतरवत नाहीत. नोंद तिथेच 'रद्द' झालेली असू शकते. आधीच बजावा.

फसली सन (जुनं महसुली साल) जसाच्या तसा येतो. इसवी सनासाठी 590 मिळवा आणि एक वर्ष इकडेतिकडे धरा. शकात 78.

फोटो देताना पानाचं डोकं कापू नका, गावाचं नाव बहुतेकदा तिथेच असतं. अक्कलकोट 1948 पर्यंत संस्थान होतं, तेव्हा तिकडच्या दप्तराची मांडणी वेगळी निघाली तर दोष वाचकाला देऊ नका. आणि आजचा गट नंबर घेऊन जुने फेरफार शोधू नका. जमिनींच्या एकत्रीकरणात नंबर बदलले. भूमी अभिलेख कार्यालयातून आधी जुना सर्व्हे नंबर काढा.

दर पानावर लावतात. एका पानावर तीन-चार फेरफार असतात, त्यातला आपला एखादाच. नोंदीवर दर ठरवून घ्या, ऐकतात.