तिकिटं ओळखायचा संच: ट्रेचे पैसे वसूल, मोजपट्टी मात्र बाद

जुनी टपाल तिकिटं ओळखण्यासाठी ऑनलाइन मिळणारा एक संच मध्यंतरी मागवला. काळा ट्रे, चपट्या टोकाचा चिमटा, दिवा असलेलं भिंग, तिकिटाच्या कडेचे दाते मोजायची पट्टी आणि एक छोटी पुस्तिका, सगळं मिळून साडेसातशे रुपयांच्या आत. कंपनीचं नाव देत नाही, कारण हाच माल चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे. निकाल आधीच सांगतो: ट्रे उत्तम, चिमटा ठीक, भिंगाची जाहिरात फुगवलेली, आणि मोजपट्टीवर विश्वास ठेवू नका.

मी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो. सगळी नोकरी तिकिटांच्या छपाईत गेली, त्यामुळे तिकीट हातात आलं की आधी पालथं करून बघायची सवय आहे. नवे संग्राहक चित्रावरून तिकीट ओळखायला जातात आणि तिथेच फसतात. आशियातल्या सुरुवातीच्या तिकिटांत तर चित्र वर्षानुवर्षं तेच राहतं, बदलतो तो कागद. म्हणून ट्रेबद्दलच जास्त लिहितो.

ट्रे म्हणजे काळ्या गुळगुळीत प्लास्टिकची उथळ वाटी. तिच्यात तिकीट पालथं ठेवायचं आणि वर लायटर फ्लुइडचे दोन-चार थेंब सोडायचे. कागद भिजला की वॉटरमार्कच्या, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेल्या खुणेच्या, जागी तो पातळ असल्यामुळे खालचा काळा रंग जास्त दिसतो आणि आकृती उमटते. द्रव काही क्षणांत उडून जातो, पाठीमागच्या गोंदाला धक्का लागत नाही. द्रव संचात येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. खिडकी उघडी ठेवा आणि देवघरातली समई विझल्याशिवाय बाटली उघडू नका. शिवाय फोटोग्रॅव्हूरने (खोदलेल्या रुळावरून फोटोसारख्या छटा देणारी छपाई) छापलेली तिकिटं या द्रवात टाकू नका, त्यांची शाई सुटते. पुस्तिकेत या इशाऱ्याचा एक शब्दही नाही, तो असायलाच हवा होता.

ट्रेची पहिली परीक्षा राणी व्हिक्टोरियाच्या निळ्या अर्ध्या आण्यावर घेतली. 'ईस्ट इंडिया पोस्टेज' असं लिहिलेलं हे तिकीट लंडनच्या डी ला रू कंपनीने छापलं. १८५६ पासूनचं बिनवॉटरमार्कचं आणि १८६५ पासूनचं वॉटरमार्कवालं, दोन्ही शेजारी ठेवली तर समोरून फरक सांगता येत नाही. ट्रेमध्ये एक तिकीट कोरंच राहिलं. दुसऱ्यात आधी सोंडेची वळणदार रेघ आली, मग कपाळ, मग कान. हत्तीचं डोकं. ते तिकिटाच्या बरोबर मध्ये नव्हतं, एका अंगाला सरकलेलं होतं, तरी ओळखायला अडचण आली नाही. इतकं स्वच्छ वॉटरमार्क मी जुन्या काचेच्या बशीत कधी पाहिलं नव्हतं. बशीला खालून काळा कागद लावावा लागायचा आणि मध्ये हवा राहिली की अर्धी आकृती बुडायची.

हा हत्ती फक्त भारताच्या तिकिटांपुरता नाही. सिंगापूर, पेनांग आणि मलाक्का १८६७ पर्यंत कलकत्त्याहून चालवलेल्या कारभाराखाली होते, म्हणून तिथे भारताचीच तिकिटं चालत. त्यांच्यावर सिंगापूरचा 'बी १७२' असा शिक्का असेल तर ते तिकीट भारतात नव्हे, समुद्रापलीकडे वापरलेलं आहे आणि संग्राहक त्याला वेगळा मान देतात. १८६७ मध्ये या तीन बंदरांची सामुद्रधुनी वसाहत (स्ट्रेट्स सेटलमेंट्स) भारतापासून वेगळी झाली तेव्हा सुरुवातीला भारताच्याच तिकिटांवर मुकुट आणि सेंटमधली किंमत छापून काम चालवलं. समोर मुकुट, पाठीमागे हत्ती. मुकुटाचा शिक्का आहे पण हत्ती दिसत नाही असं तिकीट कुणी विकत असेल तर हात आखडता घ्या.

घरात व्हिक्टोरियाच्या काळातलं काही नसेल तरी ट्रे तपासता येतो, आणि नाशिककरांनी तो असा तपासावाच. पंचम जॉर्जचं चॉकलेटी रंगाचं एक आण्याचं तिकीट रद्दीच्या गठ्ठ्यातही सापडतं, किंमत किरकोळ. एक चांदणी दिसली तर ते लंडनचं. लहान-लहान चांदण्या सगळीकडे पसरलेल्या दिसल्या तर ते आपल्या नाशिकचं, १९२६ नंतरचं, कारण तिकिटांची छपाई लंडनहून इथे आली ती त्याच सुमारास. समोरची राजाची मुद्रा तीच, रंग तोच. माझ्या नातीला ही दोन तिकिटं मी ट्रेमध्ये दाखवली तेव्हा तिने बाकीचा गठ्ठा स्वतःच उलटवायला घेतला. ट्रेची याहून चांगली जाहिरात मला सुचत नाही.

चिमट्याची टोकं चपटी आहेत, पण कडा घासलेल्या नाहीत. बारीक पॉलिश पेपरवर दोन-तीनदा फिरवून घ्या, नाहीतर हाताने बनवलेल्या मऊ कागदावर ओरखडा येईल. भोर संस्थानची १८७९ ची तिकिटं अशाच देशी कागदावर आहेत, त्यांना हा चिमटा तसाच लावायचं धाडस मी केलं नसतं.

भिंगावर 'तीसपट' असं छापलंय. मी मापाच्या पट्टीवर ठेवून बघितलं, दहाच्या आसपास निघालं. दहापट तिकिटांना पुरतं, त्याबद्दल तक्रार नाही. खोटं छापायची काय गरज होती हा प्रश्न आहे. मध्यभाग स्वच्छ दिसतो, कडेला चित्र वाकतं. दिवा मात्र निळसर आहे आणि त्याने रंगाच्या छटा चुकतात. छटा बघायची असेल तर दिवा बंद करून खिडकीजवळ बसा.

भिंगाचा खरा उपयोग जपानच्या तिकिटांना होतो. जपानने १८७१ मध्ये पहिली तिकिटं काढली, दोन ड्रॅगन असलेली. त्या तिकिटांच्या कडांना दाते नव्हते, मागे गोंदही नव्हता. तांब्याच्या पाट्यांवर एकेक तिकीट हाताने कोरलेलं, त्यामुळे एकाच पाटीवरची चाळीस तिकिटं एकमेकांसारखी तंतोतंत नाहीत. पुढे पर्यटकांना विकायला या तिकिटांच्या भरपूर नकला निघाल्या. बऱ्याच नकलांवर 'नमुना' किंवा 'नक्कल' अशा अर्थाची दोन बारीक जपानी अक्षरं नक्षीत दडवलेली असतात. ती साध्या डोळ्यांना नक्षीचाच भाग वाटतात, भिंगाखाली चटकन वेगळी पडतात. कधी कधी ती खरवडून काढलेली असतात, मग त्या जागचा कागद केसाळ झालेला दिसतो. या कामात या भिंगाने मला चांगली साथ दिली.

आता मोजपट्टी. दात्यांचं माप म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये किती भोकं बसतात ते. संचातली पट्टी पुठ्ठ्याची, छापील. डी ला रूची ती भारतीय तिकिटं १४ मापाची, हे कुठल्याही चांगल्या कॅटलॉगमध्ये मिळेल. पट्टीवर १४ च्या ओळीशी लावलं तर पहिले चार-पाच दाते जुळतात आणि पुढे सरकत सरकत शेवटचा दाता भलतीकडे जातो. पट्टी छापताना आकार थोडा बदललेला आहे. छपाईखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हे सहन होत नाही. मापाचं साधन छापायचं असेल तर मोजून छापायला हवं, पुठ्ठ्यावर किंवा सोन्यावर.

पुस्तिकेत काही पानं कामाची आहेत. ज्या तिकिटांवर देशाचं नाव वाचता येत नाही त्यांची चित्रं दिली आहेत: सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल म्हणजे जपान, सुलतानाची तुघ्रा, म्हणजे नक्षीदार सही, दिसली की तुर्कस्तान, वगैरे. नवीन माणसाला हे पान भिंतीवर लावावं इतकं उपयोगी आहे. पण 'आशियातलं पहिलं तिकीट १८५४' हे साफ चूक. सिंधमध्ये तिथला ब्रिटिश आयुक्त बार्टल फ्रेअरने १८५२ मध्येच गोल, ठसा उठवलेली अर्ध्या आण्याची तिकिटं काढली होती. लाल लाखेची, पांढरी आणि निळी. १८५४ ची कलकत्त्यात छापलेली तिकिटं देशभर चालायला लागल्यावर सिंधची बंद झाली.

दुसरी चूक जास्त नुकसान करणारी. 'कोपरा फाटलेलं तिकीट घेऊ नये' असं पुस्तिका सरसकट बजावते. अफगाणिस्तानच्या सुरुवातीच्या तिकिटांवर, म्हणजे १८७१ पासूनच्या वाघाच्या तोंडाच्या गोल तिकिटांवर, शिक्का मारण्याऐवजी कारकून तुकडा फाडून घेत. ते फाटणं हाच वापरल्याचा पुरावा. या वाक्यावर विसंबून कुणी असं तिकीट टाकून दिलं तर फार वाईट वाटेल.

एक गोष्ट जोडतो, ती संचाची नव्हे पण त्याच्यामुळे होणाऱ्या उत्साहाची. ट्रे हातात आला की जुनी पाकिटं पाण्यात भिजवून तिकिटं सोडवायचा मोह होतो. व्हिक्टोरियाच्या शेवटच्या काळात हाँगकाँग आणि सामुद्रधुनी वसाहतीची जांभळी आणि हिरवी तिकिटं डी ला रूने मुद्दाम पाण्यात विरघळणाऱ्या शाईने छापली होती, शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून. ती भिजवली की रंग गेलाच. पाकिटासकट ठेवा.

ट्रे सुटा मिळत असेल तर तोच घ्या, त्याच्यासाठी दीडशे-दोनशे रुपये द्यायला मी तयार असेन. संचच घ्यायचा असेल तर पुठ्ठ्याची पट्टी बाजूला ठेवून धातूची वेगळी घ्या, आणि घेतल्यावर आधी १४ मापाच्या एखाद्या ओळखीच्या तिकिटावर लावून बघा.