कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं थेरपी सेंटर : शाळा बंद होती तेव्हा यांनी आम्हाला शिकवलं

पाचपैकी चार तारे देतोय. पाचवा का राखून ठेवला तेही खाली लिहिलंय. पण ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगतो, तुमच्या पोराला ऑटिझम (स्वमग्नता) असेल, शाळा बंद असेल आणि घरात काय करावं सुचत नसेल, तर इथं जाऊन या.

गेल्या आठवड्यात पावसामुळं शाळांना सुट्टी जाहीर झाली. पोराला आणायला गेलो होतो तेव्हा शाळेच्या फाटकाजवळ एका ताईंनी विचारलं, "दादा, ह्याला आता घरात कसं सांभाळू? मागच्या सुट्टीत भिंतीवर डोकं आपटून घेतलं ओ त्यानं." छत्री धरून जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. राहिलेलं इथं लिहितोय.

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो. घर मंगळवार पेठेत, आजोबांच्या वेळचं, सागवानी तुळयांचं. पोरगा आता दहा वर्षांचा आहे. तीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. विशेष मुलांच्या शाळेत घातला. तिथंच आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी आणि दोनदा ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे हालचाली आणि रोजची कामं जमावीत म्हणून करून घेतात ती, जिला सगळे पालक ओटी म्हणतात, ती व्हायची. म्हणजे आमची सगळी भिस्त शाळेवर. मार्च २०२० च्या मध्यात शाळा बंद झाली, २५ मार्चपासून लॉकडाऊन लागला, आणि शाळेबरोबर थेरपीही गेली.

व्हॅन साडेआठला यायची. लॉकडाऊनमध्येही हा रोज सव्वाआठला बूट घालून, दप्तर पाठीला लावून दारात उभा. पावणेनऊपर्यंत शांत उभा राहायचा. मग कडीला हात. मग रडणं, आणि रडता रडता स्वतःच्या मनगटाला चावा. ज्या पोराला "उद्या" हा शब्दच कळत नाही त्याला साथ म्हणजे काय, हे कसं सांगणार? दहा-बारा शब्द बोलायचा, मे महिन्यापर्यंत त्यातले चारच उरले. झोपायला रात्रीचे दोन वाजायचे.

या सेंटरच्या आधी आम्ही दुसरीकडे एके ठिकाणी ऑनलाइन थेरपी लावली होती, तीन महिन्यांची फी आगाऊ भरून. पोराला मोबाईलसमोर बसवायचं आणि पलीकडून एक मुलगी "बघ बघ, हे काय, सफरचंद!" म्हणायची. हा दीड मिनिटात उठून जायचा. मग राहिलेला वेळ आम्ही दोघं त्याला धरून बसवायचो. चौथ्या दिवसापासून मोबाईल दिसला की हा पलंगाखाली. फी परत मिळाली नाही. आधी झालेलं यासाठी सांगितलं की ऑनलाइन थेरपी म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर हेच येतं आणि ते पुढं जातच नाहीत.

राजारामपुरीतल्या ओटी मॅडमनी पहिल्याच व्हिडिओ कॉलला सांगितलं, "त्याला बसवू नका. तो जे करतोय ते करू दे. तुम्ही मला घर दाखवा." अर्धा तास मी मोबाईल घेऊन घरभर फिरलो. स्वयंपाकघर, माळा, न्हाणी, तांदळाचं पोतं, बाहेरचा कट्टा. त्या विचारत होत्या की तो सगळ्यात जास्त वेळ कुठं असतो, कुठल्या आवाजाला कान झाकतो, पाण्यात किती वेळ खेळतो, मिठी मारली तर आवडते का ढकलतो. मग वर बघून म्हणाल्या, "ती तुळई मजबूत आहे का हो?"

तिथून झोपाळ्याचं काम सुरू झालं. हे मी जरा सविस्तर सांगणार, कारण सेंटर कसं काम करतं ते यातून कळेल.

शाळेच्या थेरपी रूममध्ये फळीचा झोपाळा होता आणि त्यावर हा शांत व्हायचा, एवढं आम्हाला माहीत होतं. म्हणून वर्कशॉप उघडायला परवानगी मिळाल्यावर मी अठरा मिलीचं प्लायवूड घेतलं, तीन फूट बाय दोन फूट, कडा गोल करून त्यावर जुनी सतरंजी ठोकली. वर एकच हूक, आणि त्यात बेअरिंग बसवून असं जोडलं की बोट लावलं तरी फळी गरगर फिरेल. पोराला गोल फिरायला लय आवडतं, म्हणून मुद्दाम तसं केलं. मॅडमना व्हिडिओ पाठवला. त्यांनी कामाचं मनापासून कौतुक केलं आणि म्हणाल्या, "पण हे बेअरिंग काढा. गोल फिरलं की तो अजून उसळतो, तुमच्याच व्हिडिओत बघा, उतरल्यावर तो किती पळतोय. ह्याला संथ, पुढं-मागं, एका लयीत झोका पाहिजे. दोन हूक लावा, म्हणजे फळी फिरणारच नाही." मी व्हिडिओ परत लावून बघितला. उतरल्यावर हा खरंच भिंतीपासून भिंतीपर्यंत सात वेळा पळाला होता. आम्ही त्याला खुशी समजत होतो.

दोन हूक लावले. पोराला बसवायच्या आधी मी आणि भाऊ दोघं त्यावर बसून वजन तपासलं, खाली जुन्या गाद्या टाकल्या. संध्याकाळी सातला दहा मिनिटं झोका, त्याआधी तांदळाची पाच किलोची पिशवी स्वयंपाकघरातून सोप्यात दोनदा न्यायची, मग जेवण, मग अंगावरून दाबून दाबून तेल. मॅडमचं म्हणणं असं की जड ओढणं, ढकलणं, उचलणं यातून स्नायूंना आणि सांध्यांना जो दाब मिळतो त्यानं अशा पोरांचं अंग ठिकाणावर येतं. आमच्या पेठेत तालमी आहेत, जोर मारून आलेलं पोरगं कसं गाढ झोपतं ते मला माहीत आहे, त्यामुळं हे पटायला वेळ लागला नाही. तीन आठवड्यांनी हा साडेदहाला झोपायला लागला. सगळ्याच पोरांना एवढ्यात गुण येईल असं मॅडमही म्हणत नाहीत.

सकाळच्या बुटांचं काय? त्यांनी फोटोंचा तक्ता करायला सांगितला. उठणं, दूध, आंघोळ, झोका, जेवण, प्रत्येकाचा फोटो, आपल्याच घरातला, वेलक्रोनं पुठ्ठ्यावर चिकटवायचा. शाळेच्या जागी काय लावायचं हा प्रश्न होता. मॅडमनी विचारलं, "शाळेच्या फाटकाला कुलूप आहे का?" मी दुसऱ्या दिवशी गाडी काढून गेलो आणि कुलपाचा जवळून फोटो काढला. पहिल्या दिवशी त्यानं तो ओढून फेकला. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही. आम्ही काही न बोलता परत लावत होतो. सहाव्या की सातव्या दिवशी बूट घालून दारात आला, मागं वळला, तक्त्यापाशी गेला, त्या कुलपावर बोट ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग खाली बसून त्यानं बूट काढले. बायको ओट्यापाशी उभी होती, ती तशीच खाली बसली.

स्पीचचंही तसंच. सेंटरच्या स्पीच थेरपीच्या ताई मोबाईलवर पोराशी चारच मिनिटं बोलायच्या, राहिलेली चाळीस मिनिटं आमच्याशी. भडंगाची बरणी घट्ट झाकणाची घ्या, त्याला दिसेल पण उघडणार नाही अशा ठिकाणी ठेवा. तो तुमचा हात ओढून नेईल. लगेच देऊ नका. थांबा. त्याला चित्राचं कार्ड हातात द्यायला लावा, आणि मनात दहा मोजा. हे दहा मोजणं सगळ्यात अवघड गेलं माझ्या आईला. नातवानं बरणीकडं बघितलं की तिचा हात झाकणावर गेलेलाच असायचा. स्पीचच्या ताईंनी तिला वेगळं बोलावून घेतलं, मोबाईल तिच्याच हातात द्यायला सांगितला, आणि म्हणाल्या, "आजी, अंबाबाईचं नाव मनात दहा वेळा घ्या, मग द्या." ते मात्र आईनं नेमानं केलं. दिवाळीच्या आसपास एकदा तिचं नाव घेऊन पुरं व्हायच्या आधीच हा "भ" म्हणाला. पुढच्या महिन्यात "भडं". आजही तो भडंगाला "भडं"च म्हणतो आणि दुकानदाराला ते कळतं.

मास्कचीही तयारी याच पद्धतीनं केली. आधी नुसता हातात, मग गालाला, मग पाच अंक मोजेपर्यंत तोंडावर. दीड महिना लागला, पण डॉक्टरांकडं नेताना रस्त्यावर झटापट झाली नाही.

जुलै २०२१ मध्ये महापूर आला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट धरतात, त्याच्या कितीतरी वर पाणी. आमच्या गल्लीत पूर शिरला नाही, पण नळाला पाणी नव्हतं आणि नेटचा पत्ता नव्हता. या पोराला तर दिवसातून तीनदा आंघोळ लागायची. मॅडमनी साध्या फोनवर कॉल केला, स्वतःहून. म्हणाल्या, "टँकर येतो ना? त्याला पाच लिटरचा कॅन द्या, अर्धा भरून, तुमच्याबरोबर रांगेत उभा करा. उचलून आणणं हीच आजची थेरपी." रांगेत तो पहिल्यांदा दोन मिनिटं थांबला, मग चार. शेजारच्या काकू त्याला "पहिलवान" म्हणायला लागल्या. त्या आठवड्याचे पैसे सेंटरनं घेतले नाहीत.

आता पाचवा तारा.

एका वर्षात आमची स्पीच थेरपिस्ट तीनदा बदलली, आणि दोनदा आम्हाला ते कॉल लागल्यावर समोर नवा चेहरा बघून कळलं. ज्या पोराला दप्तराचा रंग बदललेला चालत नाही त्याच्या बाबतीत हे बरोबर नाही. आठवडाभर आधी फोटो पाठवला असता तरी आम्ही तक्त्यावर लावून तयारी केली असती. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

दुसरं म्हणजे बिलं. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळं स्नायूंवर ताबा नसणं), मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं आणि त्यात थेरपीचाही खर्च येतो, अर्थात ठरलेल्या मर्यादेत. पण बिल नीट लागतं. आम्हाला सुरुवातीला नुसत्या पावत्या दिल्या, त्यावर ना थेरपिस्टचं नाव ना नोंदणी क्रमांक. पैसे अडकले, चार हेलपाटे झाले. आता ते व्यवस्थित छापील बिल देतात, तरी पहिल्या दिवशीच मागून घ्या. आणि कुठल्याही सेंटरला जा, नोंदणी विचाराच. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षकांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते, ओटीसाठी महाराष्ट्रात वेगळी परिषद आहे. विचारल्यावर चांगल्या माणसाला राग येत नाही. इथं मॅडमनी स्वतः प्रमाणपत्र काढून दाखवलं.

तिसरं, सेंटर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. व्हीलचेअरवरच्या पोरांचे आईवडील त्यांना कडेवर घेऊन चढतात. थेरपीच्या जागेला हे शोभत नाही.

शनिवारी ते पाच-सहा मुलांचा एकत्र ऑनलाइन वर्ग घ्यायचे, तो आमच्या काही कामाला आला नाही. सहा घरांतले कुकर आणि टीव्ही एकदम ऐकू आले की हा कान झाकून आत जायचा. बोलणाऱ्या, थोड्या मोठ्या मुलांना तो आवडायचा असं ऐकलं. आणि एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगतो. आमच्या ओळखीतल्या एका सेरेब्रल पाल्सीच्या मुलीला त्यांनी फोनवर घ्यायला सरळ नकार दिला. "तिच्या स्नायूंना हात लावल्याशिवाय मला कळणार नाही, जवळचा फिजिओथेरपिस्ट शोधा," म्हणून तिच्या वडिलांना पैसे न घेता वाट दाखवली.

फी आम्हाला तेव्हा पंचेचाळीस मिनिटांना साडेतीनशे होती, ऑनलाइनला तीनशे. आता वाढली आहे, फोन करून विचारा. संध्याकाळी सहानंतरची वेळ लवकर मिळत नाही. कामावर जाणाऱ्या बापांनी आधीच नाव घालून ठेवावं, कारण सत्राला आईबरोबर बापानंही बसावं असा मॅडमचा आग्रह असतो आणि तो योग्य आहे. मी बसलो नसतो तर ते बेअरिंग अजून तुळईलाच असतं.

डिसेंबर २०२१ मध्ये राज्यात पहिलीपासूनचे वर्ग सुरू झाले तेव्हा मॅडमनी पंधरा दिवस आधीपासून तयारी करून घेतली. रोज सकाळी बूट, दप्तर, शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परत. ज्या दिवशी शाळा उघडली त्या दिवशी आम्ही उघड्या फाटकाचा फोटो काढून तक्त्यावर लावला. कुलपाचा फोटो जपून ठेवलाय, कारण कोल्हापुरात पावसाळा आला की तो लागतोच. परवाच्या सुट्टीत त्यानं डब्यातून तो स्वतः शोधून काढला आणि लावला.

फाटकाजवळच्या ताईंना सेंटरचा पत्ता दिलाय. झोपाळ्याचं माप, हुकाची जाडी, दोन हुकांमधलं अंतर कुणाला हवं असेल तर इथं खाली विचारा, चित्र काढून देतो. तुळई नसेल, स्लॅब असेल, तर फास्टनर कुठला घ्यायचा तेही सांगतो, पण लावल्यावर आधी मोठ्या माणसानं बसून बघा.