हत्तरसंग-कुडल: अर्ध्या दिवसात पाहण्याजोगे, पण घाईत नको

सोलापूरहून विजापूर रस्त्याने सुमारे ४० किमी. भीमा-सीनेच्या संगमावर चालुक्यकालीन दोन मंदिरे आहेत. बहुतेक लोक संगमेश्वराला हात जोडून परततात, पण खरा ऐवज तिथल्या तुळईवर आहे. शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख! 'वाछि तो विजेया होइवा', म्हणजे वाचेल तो विजयी होईल. इतकी जुनी मराठी दगडावर स्वतः वाचता येते, यासाठीच ही फेरी करावी.

अक्षरे उथळ आणि झिजलेली आहेत. समोरून टॉर्च मारला तर काहीच दिसत नाही. तो बाजूला, दगडाला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे खाचांत सावली पडून अक्षर उठते. खडू, तेल, हळद मुळीच लावू नका. दगडाची छिद्रे बुजतात आणि झीज वाढते.

शेजारचे हरिहरेश्वर मंदिर उत्खननातून मोकळे झाले. शिव आणि विष्णू यांचे दोन स्वतंत्र गाभारे, पुढे मधोमध आकाशाला उघडा असलेला स्वर्गमंडप. इथलेच बहुमुखी शिवलिंग पाहा: ३५९ कोरीव मुखे, अखंड लिंग धरून ३६०. चारही बाजूंनी फिरून पाहिल्याशिवाय मुखांच्या ओळी उलगडत नाहीत, आणि चेहरे एकसारखे नाहीत हेही तेव्हाच कळते.

पाणी, डबा सोबत ठेवा. उन्हाळ्यात दुपार टाळा, फरशी भाजते. पावसाळ्यात भीमेच्या पाण्याची चौकशी करूनच निघा.