तीन सिस्टिमचे पैसे आणि हाती आलेली एकच

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्सचे दोन प्रकार, उबुंटू व फेडोरा, अशा तीन ऑपरेटिंग सिस्टिम वेगवेगळ्या पार्टिशनवर (डिस्कच्या स्वतंत्र भागांवर) टाकून, संगणक सुरू करताना हवी ती निवडता यावी, असे काम मी एका तंत्रज्ञाकडे सोपवले होते. त्याने पैसे आगाऊ घेतले आणि बिलात उबुंटू व फेडोराच्या ‘लायसन्स’चेही शुल्क लावले. या दोन्ही सिस्टिम कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात, हे मी निदर्शनास आणून दिले, तेव्हा त्याने बिलातला शब्द बदलून ‘इन्स्टॉलेशन’ केला. रक्कम मात्र तीच राहिली.

संगणक परत आला तो थेट विंडोजमध्ये सुरू होणारा. निवडीचा मेनू कुठेच नव्हता. डेस्कटॉपवरच्या दोन आयकॉनवर क्लिक केले की उबुंटू किंवा फेडोरा पूर्ण पडदाभर उघडत असे, आणि ‘नव्या पद्धतीत मेनू येतच नाही’ असे मला ठासून सांगण्यात आले. प्रत्यक्षात ग्रबसारखा बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, कोणतीही सिस्टिम सुरू होण्याआधीच मेनू दाखवतो आणि निवडलेली सिस्टिम तेवढी चालते. उबुंटूच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडले, तर १६ जीबीऐवजी जेमतेम ४ जीबी मेमरी दिसली आणि हार्डवेअर मॉडेलच्या ओळीत संगणकाच्या कंपनीऐवजी व्हर्च्युअलबॉक्सचे, म्हणजे एका सिस्टिमच्या आत दुसरी चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे, नाव होते. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये लिनक्सचे एकही पार्टिशन नव्हते. दोन्ही सिस्टिम म्हणजे सी ड्राइव्हवरच्या दोन मोठ्या व्हीडीआय फाइली, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सच्या आभासी डिस्क, होत्या.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा असा आभासी संगणक, ही उपयुक्त सोय आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. परंतु विंडोज बिघडले तरी लिनक्समधून काम चालू ठेवता यावे, यासाठीच मला स्वतंत्र पार्टिशन हवे होते, आणि इथे विंडोज बंद पडले की तिन्ही बंद.

विंडोजच्या बाबतीत तर त्याहून गंभीर प्रकार निघाला. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएलएमजीआर’ या आज्ञेला लायसन्सची मुदत दाखवणारा ‘एक्सपीआर’ हा पर्याय जोडून पाहिले, तेव्हा कायमस्वरूपी सक्रियतेऐवजी मुदत संपण्याची तारीख समोर आली. संस्थांसाठी असलेली केएमएस सक्रियता १८० दिवसांची असते आणि संस्थेच्या सर्व्हरशी संपर्क साधून तिचे नूतनीकरण होत राहते. इथे त्या सर्व्हरचे सोंग घेणारा प्रोग्रॅम बसवलेला होता. तो पकडला जाऊ नये म्हणून विंडोजच्या डिफेंडर या अँटीव्हायरसच्या तपासणीतून त्याचा फोल्डर वगळलेला होता, म्हणजे बनावट लायसन्ससाठी घराचे दारच उघडे ठेवले होते.

जाब विचारल्यावर ‘तिन्ही चालतात ना?’ एवढेच उत्तर मिळाले. पैसे परत मिळाले नाहीत.

असे काम कोणाकडे देणार असाल, तर ‘प्रत्येक सिस्टिम स्वतंत्र पार्टिशनवर’ हे शब्द बिलावर लिहून घ्यावेत आणि शेवटचा हप्ता तपासणीनंतरच द्यावा. संगणक समोर रीस्टार्ट करवून मेनू पाहावा, लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘सिस्टिमडी-डिटेक्ट-व्हर्ट’ (systemd-detect-virt) ही आज्ञा देऊन उत्तर ‘नन’ (none), म्हणजे व्हर्च्युअल मशीन नाही, असे येते का ते पाहावे. व्हर्च्युअलबॉक्स असेल तर तिथे ‘ओरॅकल’ असे दिसते. डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेली, असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की संगणक देण्यापूर्वीच स्वतःजवळ उतरवून ठेवावी, कारण बूटची व्यवस्था बदलल्यावर विंडोज तीच की मागू शकते.