इग्वानाच्या एन्क्लोजरचे ४२,२९९ रुपये गेले, वाचा आणि सावध व्हा

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी खरा आकडा सांगायला मला नऊ दिवस लागले. ४२,२९९. बायकोला पहिले काही दिवस "वीसेक हजार" म्हणून सांगितलं होतं. आणि बदल्यात एक खिळासुद्धा आला नाही.

पंत म्हणजे आमचा ग्रीन इग्वाना, मोठा परदेशी सरडाच म्हणा. नर आहे, शेपटीसकट पाच फूट. मित्र २०२१ ला कॅनडाला गेला तेव्हा आमच्याकडे आला. आधी चार बाय दोनच्या काचेच्या टाकीत होता, वळताना शेपूट दुमडायची आणि नाक काचेला घासून घासून सोललं होतं. झाडावर राहणारा प्राणी आहे, त्याला उंची लागते. म्हणून सहा फूट रुंद, तीन फूट खोल आणि सहा फूट उंच असं एन्क्लोजर हवं होतं, थोडक्यात एक वॉर्डरोबच.

आमच्याकडे किचन ट्रॉली केलेले सुतारमामा आहेत. त्यांनी लाइट सोडून २६,००० सांगितले. आई म्हणाली मामांनाच दे. मी म्हटलं अगं, आत सत्तर टक्के दमटपणा ठेवायचा असतो, मामा एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुश्याचा दाबलेला बोर्ड, लावतील आणि पहिल्याच पावसाळ्यात पुरीसारखं फुगेल. हे माझं म्हणणं आजही बरोबर आहे, एमडीएफ खरंच फुगतं. फक्त मामांना पीव्हीसी बोर्ड लावा एवढं सांगायची अक्कल मला नव्हती.

मग इन्स्टावर एक पेज मिळालं, फक्त सरपटणाऱ्या प्राण्यांची एन्क्लोजर बनवणारं. वर्कशॉप म्हणे भोसरी एमआयडीसीत. माणूस इतका माहितीचा बोलायचा की काय सांगू. यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, काचेतून जात नाहीत म्हणून ट्यूब आतच लावायची, बास्किंगच्या, म्हणजे ऊब घेत बसायच्या जागी ३५-३६ डिग्री हवेत, ट्यूब पेटत असली तरी वर्षभरात बदलायची, सगळं बरोबर. नुसता भामटा असता तर मी फसलो नसतो, अभ्यास केलेला भामटा होता. कोटेशन ४६,०००. अर्धे आगाऊ, म्हणजे २३,०००. क्यूआर स्कॅन केला तर नाव भलत्याच बाईचं आलं. "दादा, वहिनीचं अकाउंट आहे, करंट अकाउंटचं काम चालू आहे." हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. मीही ऐकलं होतं. तरी पिन टाकला.

पण ते जाऊ दे, खरा मूर्खपणा पुढे आहे. दहा दिवसांनी "तुमचा पीस रेडी" म्हणून फोटो आला. देखणं काम, सरकत्या काचा, आत जाड फांद्या. आणि मागच्या भिंतीवर सॉकेट. तीन चौकोनी भोकांचं, ब्रिटिश पद्धतीचं. भोसरीत! आता ऐका, मी चौदा वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये आहे. सॉकेट बघणं हेच माझं पोटापाण्याचं काम. मी तो फोटो झूम केला, सॉकेट बघितलं, आणि मनात म्हटलं, एक्स्पोर्टची ऑर्डर टेस्ट करत असतील. त्याने हे सांगितलंसुद्धा नव्हतं हो, त्याच्या वतीने थाप मीच मारली, मलाच! अजून रात्री आडवा झालो की ते सॉकेट दिसतं. नंतर तो फोटो गूगलवर टाकून शोधला तर इंग्लंडमधल्या कुणाच्या तरी टेगूचं, म्हणजे दुसऱ्या जातीच्या मोठ्या सरड्याचं, घर निघालं. शोधायला दोन मिनिटं लागली. ही दोन मिनिटं पैसे देण्याआधी काढा.

फोटोनंतर लाइटचे ७,८००. मग "वनखात्याची एनओसी" ४,९९९. इथे त्याने बरोब्बर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. इग्वानाची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, परदेशी प्राण्यांच्या नोंदणीच्या २०२४ च्या नियमांनंतर आम्ही पाळणारे सगळेच धास्तावलेलो होतो, मी पंतची केली पण होती. नोंदणी प्राण्याची असते, लाकडाच्या खोक्याला कसली आलीय एनओसी? पण वनखातं म्हटलं की आपण घाबरतो. शेवटी टेम्पोचं "रिफंडेबल" डिपॉझिट ६,५००. त्यानंतर फोन बंद आणि मी ब्लॉक. भोसरीच्या पत्त्यावर गेलो तर तिथे भांड्यांना पॉलिश करत होते, त्या बिचाऱ्यांना पिंजरा-बिंजरा काहीच माहीत नाही. आधी गेलो असतो तर? घरापासून बावीस किलोमीटर, रविवारी ट्रॅफिक नसतं, पण म्हटलं कशाला पेट्रोल जाळा.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला तिसऱ्या दिवशी फोन केला. हो, उशीर झाला, कळतंय, पण तीन दिवस मला वाटत होतं त्याच्या घरी काहीतरी झालं असेल. तुम्ही पहिल्या तासात करा. तोवर पैसे चार खात्यांत फिरून गेले होते, १,३४० रुपये होल्ड झाले आणि तेही सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. बँकेत मॅडम म्हणाल्या, पिन तुम्हीच टाकलात ना, मग आम्ही काय करणार. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर कंपनीचं नाव विचारलं, कंपनीच नाही तर नाव कुठून आणू?

आणि पोलीस. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या वेळी हवालदार म्हणाले सायबरला जा, सायबरवाले म्हणाले रक्कम लहान आहे, तुमच्या हद्दीतच द्या. तिसऱ्या वेळी कुणीतरी अर्ज वाचला, आणि वाचून जोरात, सगळ्या ठाण्याला ऐकू जाईल असं, "घोरपड पाळलीय?" मी म्हटलं साहेब, घोरपड नाही, इग्वाना, परदेशी प्राणी आहे, नोंदणी आहे. तर म्हणे फोटो दाखवा. दाखवला. म्हणे ही घोरपडच. घोरपड पाळणं गुन्हा आहे, वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधला प्राणी आहे, हे मलाही माहीत आहे हो, मी हिरवा रंग दाखवतोय, गळ्याखालची झालर दाखवतोय, पाठीवरचे काटे दाखवतोय, परिवेशची प्रिंट दाखवतोय, आणि ते एकमेकांना विचारतायत वनखात्याला फोन लावायचा का. पैसे माझे गेले आणि चाळीस मिनिटं चौकशी पंतची! भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ (४) लावा म्हटलं तर "वकील आहात का?" शेवटी अर्जावर शिक्का मारून दिला. एफआयआर नाहीच. तो शिक्क्याचा कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय, रागाने. तुम्ही गेलात तर प्राण्याचे कागद आधी पुढे करा, फसवणुकीचे मागाहून.

पुढे काय, गेलो मामांकडेच. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आठ बाय चारच्या पाच पीव्हीसी शीट १३,२००, मजुरी ८,०००, सरकत्या काचा ५,४००, जाळी-बिजागऱ्या-सिलिकॉन १,७५०. झाले २८,३५०. वायरिंग मी केलं. ट्यूब, बल्ब आणि थर्मोस्टॅट ९,६००, थर्मोस्टॅटवर पैसे वाचवू नका आणि बल्बभोवती जाळी लावा, हा प्राणी गरम बल्बला चिकटून बसतो आणि भाजून घेतो. म्हणजे सगळं धरून ३७,९५०, त्या भामट्याच्या कोटेशनपेक्षा आठ हजारांनी कमी. मामांनी एकदाही विचारलं नाही की आधी का नाही आलात. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

परवा ते पेज परत दिसलं. नाव नवीन, फोटो तोच. फक्त उजवीकडून कापलाय, सॉकेट गायब. ब्लॉक व्हायच्या आधी रागाच्या भरात मीच त्याला लिहिलं होतं, "अरे चोरा, भोसरीत ब्रिटिश सॉकेट कुठून आलं?"